डिस्कला हात न लावता: ड्राइव्हवरची फाइल थेट मेमरीत

क्लाउडवर ठेवलेली फाइल प्रोग्रॅमला एकदाच वाचायची असेल, तर ती आधी सर्व्हरच्या डिस्कवर उतरवायची, मग उघडायची आणि वाचून झाल्यावर आठवणीने पुसायची, हा द्राविडी प्राणायाम बहुतेक वेळा अनावश्यक असतो. एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमला त्या सेवेशी बोलण्यासाठी दिलेल्या दारातून, येणारे बाइट सरळ मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, घ्यावेत, तिथूनच वाचावेत आणि काम झाले की बफर सोडून द्यावा, हे माझ्या मते अधिक स्वच्छ. हे काम दोन ओळींचे दिसते आणि दोन ओळींत होतेही. मात्र त्या ओळी लिहिण्यापूर्वी फाइल कोणत्या जातीची आहे, केवढी आहे आणि ती वाचणारी लायब्ररी नुसती पुढे जाणारी आहे की मागे-पुढे फिरणारी, एवढे विचारून घ्यावे लागते. ते न विचारता लिहिलेला कोड छोट्या फाइलवर उत्तम चालतो आणि महिनाअखेरीच्या मोठ्या फाइलवर आडवा होतो.

या लेखापुरते मी गूगल ड्राइव्हच्या एपीआयची तिसरी आवृत्ती आणि पायथन एवढेच धरून चालतो, कारण माझे रोजचे काम त्यावर आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे सचिव आपापला तक्ता एका सामायिक फोल्डरमध्ये टाकतात. त्यात सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) असे रकाने असतात. आणि दहा दिवसांचे बिल काढणारा प्रोग्रॅम ते तक्ते वाचतो. सभासदांची नावे आणि बँक खात्यांचे क्रमांक असलेल्या फाइली सर्व्हरच्या कोपऱ्यात पडून राहणे मला मान्य नाही, हे मेमरीचा मार्ग धरण्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे की, एकाच नावाच्या दोन फाइली एकाच वेळी उतरल्या तर एकीवर दुसरी लिहिली जाण्याची भीती मेमरीत उरत नाही. शिवाय हल्ली प्रोग्रॅम ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे मोजून दिलेल्या मेमरीच्या बंदिस्त कप्प्यात, चालतो, तिथे डिस्कवर लिहिण्याची मुभा असेलच असे नाही.

ड्राइव्हमध्ये फाइलची माहिती आणि फाइलचा मजकूर एकाच पत्त्यावर राहतात. त्या पत्त्यावर साधी गेट विनंती केली की माहिती जेसनच्या, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या मजकुराच्या, रूपात मिळते. त्याच विनंतीला ‘आल्ट’ या पॅरामीटरमध्ये ‘मीडिया’ असे सांगितले की प्रत्यक्ष बाइट मिळतात. पायथनच्या क्लायंट लायब्ररीत यासाठी ‘गेट’ आणि ‘गेट मीडिया’ अशी दोन वेगळी फंक्शने आहेत. दोन्हींना टोकन, म्हणजे ओळख पटवणारी किल्ली, लागते. सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामासाठी सर्व्हिस अकाउंट वापरतात, आणि त्या अकाउंटला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. फोल्डर त्या पत्त्याशी शेअर केलेला नसेल, तर ड्राइव्ह परवानगी नाकारल्याचे सांगत नाही. ४०४ देऊन फाइल सापडत नसल्याचेच सांगते. फाइल ब्राउझरमध्ये डोळ्यांसमोर उघडी असताना ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, की नव्या माणसाचा अर्धा दिवस आयडी पुन्हा पुन्हा तपासण्यात जातो. आयडी बरोबर असतो, शेअरिंग राहिलेले असते.

बाइट मागण्यापूर्वी माहिती मागावी, आणि ती मागताना काय हवे ते नाव घेऊन सांगावे. तिसऱ्या आवृत्तीत ‘फील्ड्स’ दिले नाही तर आयडी, नाव, माइमटाइप (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारे नाव) अशा मोजक्याच गोष्टी येतात. आकार येत नाही आणि एमडी-५ चेकसम, म्हणजे बाइटांवरून काढलेला फाइलचा ठसा, तोही येत नाही. आकार मागितला की तो आकड्याच्या नव्हे, स्ट्रिंगच्या रूपात येतो, कारण ६४ बिटांचा पूर्णांक जेसनमध्ये सुरक्षित राहावा म्हणून गूगलच्या एपीआयमध्ये तो अवतरणचिन्हांत लिहिण्याची पद्धत आहे. आपल्या मर्यादेशी तुलना करण्याआधी तो पूर्णांकात बदलून घ्यावा.

माइमटाइपकडे लक्ष देण्याचे कारण आकारापेक्षाही मोठे आहे. ड्राइव्हमध्ये दिसणारी प्रत्येक वस्तू म्हणजे बाइटांची फाइल नसते. कोणी एक्सेलची फाइल अपलोड केली असेल तर ती जशीच्या तशी उतरवता येते. पण कोणी तिथल्या तिथेच गूगल शीट उघडून तक्ता भरला असेल तर उतरवण्यासारखे मूळ बाइटच नसतात. अशा वस्तूवर ‘गेट मीडिया’ चालवले की ४०३ येतो आणि एक्सपोर्ट वापरण्याची सूचना मिळते. एक्सपोर्ट करताना कोणत्या स्वरूपात हवे ते सांगावे लागते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, सांगितले तर फक्त पहिली शीट मिळते. आमच्याकडे सकाळचे आणि संध्याकाळचे संकलन दोन शीटमध्ये लिहिण्याची अनेक सचिवांची सवय आहे, त्यामुळे सीएसव्ही मागणे म्हणजे संध्याकाळचे दूध हिशोबातून गळणे, आणि तेही कोणत्याही त्रुटीविना. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाइल, मागितले की सर्व शीट येतात. एक्सपोर्ट होणाऱ्या मजकुराला १० एमबीची मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. याखेरीज शॉर्टकट नावाचा प्रकार आहे: तो फोल्डरमध्ये फाइलसारखाच दिसतो, पण त्याच्या पोटात दुसऱ्या फाइलचा आयडी एवढेच असते, आणि तो काढून घेऊन नव्याने माहिती मागावी लागते.

इतके झाले की उतरवणे. फाइल लहान असेल, म्हणजे काही एमबीची, तर ‘गेट मीडिया’ची विनंती तयार करून तिच्यावर ‘एक्झिक्यूट’ चालवावे. उत्तरात सगळे बाइट एका झटक्यात हातात येतात. बहुतेकांना याहून अधिक काही लागत नाही, आणि तरीही इंटरनेटवरचे नमुने पाहून सगळे जण तुकड्यांचे लूप लिहितात. तुकड्यांची खरी गरज मोठ्या फाइलसाठी, प्रगती दाखवण्यासाठी आणि मध्येच तुटलेले काम पुढे चालू करण्यासाठी असते. त्या वेळी ‘बाइट्सआयओ’ हा मेमरीतला बफर तयार करतात, ‘मीडियाआयओबेसडाउनलोड’ या वर्गाला बफर आणि विनंती देतात, आणि ‘नेक्स्ट चंक’ हे फंक्शन ‘झाले’ असे सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावतात. आतमध्ये प्रत्येक वेळी ‘रेंज’ हेडर लावून अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत असा तुकडा मागितला जातो आणि सर्व्हर २०६ या स्थितीसह तेवढाच भाग पाठवतो. ही सोय एचटीटीपीमध्ये नव्वदच्या दशकापासून, १.१ आवृत्तीपासून आहे. ड्राइव्ह २०१२ साली आली. एक्सपोर्टच्या वेळी मात्र एकूण लांबी आधी ठाऊक असेलच असे नाही, म्हणून प्रगतीचा आकडा शून्यावरच राहिला तर काम अडकले असे समजू नये.

बफरबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते आणि तरी ती पुन्हा आडवी येते. ‘बाइट्सआयओ’ ही फाइलसारखी वागणारी वस्तू आहे, म्हणजे तिला वाचण्या-लिहिण्याची एक जागा असते. लिहून संपले की ती जागा शेवटाला असते. तिथून वाचायला घेतले तर पुढे काहीच नसते. म्हणून वाचण्यापूर्वी ‘सीक’ शून्यावर न्यावे लागते. यातली खरी गंमत अशी की, हे विसरले तरी एक्सेलची फाइल बिनतक्रार उघडते, कारण एक्सएलएसएक्स मुळात झिप आहे आणि झिप वाचणारा कोड आपण होऊनच शेवटाकडे आणि मग हवे तिथे उडी मारतो. त्याच कोडला सीएसव्ही दिली की शून्य ओळी मिळतात, आणि पायथनचा ‘सीएसव्ही’ मॉड्यूल शून्य ओळींना त्रुटी मानत नाही. एका केंद्राचे बिल बनते आणि दुसऱ्याचे रिकामे निघते. दोघांचा कोड तोच, फाइलचे स्वरूप तेवढे वेगळे.

आता मेमरीच्या हिशोबाकडे येतो, कारण ‘मेमरीत घ्या’ असे सांगणाऱ्याने तो हिशोब मांडलाच पाहिजे. फाइल ९० एमबीची आहे, म्हणून ९० एमबी मेमरी पुरेल असे वाटते. ‘मीडियाआयओबेसडाउनलोड’ या वर्गात तुकड्याचा आकार आपण सांगितला नाही तर तो १०० एमबी धरला जातो. म्हणजे ९० एमबीची फाइल एकाच तुकड्यात येते. गूगलची ही लायब्ररी नेहमी ‘एचटीटीपीलिब२’वर चालते, आणि ती प्रत्येक उत्तराचा मजकूर आधी पूर्ण वाचून बाइटांच्या स्वरूपात धरून ठेवते, त्यानंतरच तो आपल्या बफरमध्ये लिहिला जातो. त्या क्षणी एक प्रत उत्तराची आणि एक प्रत बफरची, अशा दोन प्रती एकाच वेळी जिवंत असतात, आणि शिखराचा आकडा १८० एमबीच्या आसपास जातो. तुकडा ४ एमबीचा केला की हेच शिखर फाइलचा आकार अधिक ४ एमबी आणि बफर वाढताना लागणारी थोडी जास्तीची जागा एवढ्यावर येते. फेऱ्या वाढतात, थोडा वेळही वाढतो, पण मेमरी जवळपास निम्मी लागते. मोठी फाइल मेमरीत घेताना तुकड्याचा आकार स्वतः लिहावा, ही या सगळ्या लेखातली मला सर्वांत उपयोगाची वाटणारी सूचना आहे.

पुढे बफरमधून सगळे बाइट काढून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एमडी-५ काढण्यासाठी किंवा दुसऱ्या लायब्ररीला नुसते दाखवण्यासाठी ‘गेटबफर’ वापरावे. त्याने प्रत न होता बफरवरचे एक दृश्य मिळते. ते दृश्य हातात असेपर्यंत बफरचा आकार बदलता येत नाही आणि तो बंदही करता येत नाही, एवढे पथ्य पाळावे.

आणि खरा खर्च तर यानंतर सुरू होतो. एक्सेल वाचण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनपायएक्सएल’च्या स्वतःच्याच कागदपत्रांत लिहिलेले आहे की, मेमरीचा वापर मूळ फाइलच्या सुमारे ५० पट होतो, ५० एमबीच्या फाइलला अडीच जीबी. झिपमधले दाबलेले एक्सएमएल उलगडते आणि प्रत्येक कप्प्यासाठी पायथनची एक स्वतंत्र वस्तू तयार होते, त्याचा हा परिणाम. तेव्हा डाउनलोडमध्ये वाचवलेले ९० एमबी इथे चिल्लर ठरतात. याच लायब्ररीत फक्त वाचण्यासाठीची वेगळी पद्धत आहे. तीत ओळी एकेक करून येतात आणि मेमरी ताब्यात राहते. कंटेनरची मर्यादा ओलांडली गेली, तर पायथनला त्रुटी पकडण्याची संधीही मिळत नाही: कर्नल प्रक्रिया थेट ठार करतो, लॉगमध्ये कोणताही ट्रेसबॅक, म्हणजे त्रुटीचा माग, नसतो, आणि हाती लागतो तो १३७ हा निर्गमन क्रमांक, म्हणजे १२८ अधिक ठार करण्याच्या सिग्नलचा क्रमांक ९. लॉग मध्येच तुटलेला आणि क्रमांक १३७ असेल, तर नेटवर्ककडे पाहण्यात वेळ घालवू नये.

मराठी मजकुराच्या फाइलींना एक वेगळी बाब लागू होते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ती सहसा नसते, कारण त्यांच्या लेखकांना ती कधी भेटतच नाही. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘क’ म्हणजे २२४, १६४ आणि १४९ हे तीन बाइट. ‘कोल्हापूर’ या नावात काने-मात्रे आणि हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. आता एक एमबीचा तुकडा १०,४८,५७६ बाइटांचा असतो, आणि या संख्येला ३ ने भागले की १ उरतो. दोनाच्या कोणत्याच घाताला ३ ने निःशेष भाग जात नाही. त्यामुळे निखळ देवनागरी मजकूर एक-एक एमबीच्या तुकड्यांत घेतला, तर पहिला तुकडा एका अक्षराचा पहिला बाइट घेऊन संपतो आणि उरलेले दोन बाइट दुसऱ्या तुकड्याच्या डोक्यावर येतात. प्रत्यक्ष तक्त्यात स्वल्पविराम आणि आकडे मिसळलेले असल्यामुळे तोड कुठेही पडू शकते, पण नावांनी भरलेल्या फाइलमध्ये ती अक्षराच्या मधोमध पडण्याची शक्यता चांगलीच असते.

जो कोड प्रत्येक तुकडा आल्या आल्या त्याचा मजकूर करू पाहतो, तो अशा ठिकाणी त्रुटी देऊन थांबतो. थांबतो हे चांगलेच आहे. वाईट असते ते त्या त्रुटीवरचे घाईचे औषध: डिकोड करताना, म्हणजे बाइटांचा मजकूर करताना, ‘इग्नोर’ (न जुळणारे बाइट गाळा) असे लिहून मोकळे होणे. मग प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि कुठल्या तरी सभासदाच्या नावातली एक वेलांटी किंवा एक अक्षर नाहीसे होते. ‘शिंदे’चे ‘शंदे’ झालेले बिल छापून गावात पोहोचेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर योग्य उपाय दोन. संपूर्ण फाइल बफरमध्ये आल्यावरच तिचा मजकूर करायचा, किंवा अपुरे बाइट स्वतःपाशी राखून पुढच्या तुकड्याशी जोडणारा इन्क्रिमेंटल डिकोडर वापरायचा. ‘बाइट्सआयओ’वर ‘टेक्स्टआयओरॅपर’ चढवला की दुसरे काम तोच करतो आणि ओळी एकेक करून देतो. त्यात सीएसव्हीसाठी ‘न्यूलाइन’ रिकामी स्ट्रिंग ठेवावी आणि एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण असते आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून येते. ‘सभासद क्रमांक’ हा रकाना डोळ्यांना दिसतो, पण प्रोग्रॅमला सापडत नाही. रॅपर बंद झाला की खालचा बफरही बंद होतो. बफर पुन्हा लागणार असेल तर रॅपर आधी ‘डिटॅच’ करावा.

मजकूर करून सगळा एका स्ट्रिंगमध्ये ठेवण्याचा हिशोबही वेगळा आहे. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधल्या सर्वांत मोठ्या चिन्हाला जितके बाइट लागतात तितके बाइट त्या स्ट्रिंगमधल्या प्रत्येक चिन्हाला दिले जातात: १, २ किंवा ४. देवनागरीला २ पुरतात, म्हणजे निव्वळ मराठी मजकूर मेमरीत फाइलपेक्षा कमी जागा घेतो. पण ४० एमबीची जवळजवळ सगळी इंग्रजी आणि आकड्यांची फाइल असेल आणि तिच्यात एकच मराठी नाव असेल, तर तिची स्ट्रिंग ८० एमबीची होते. आणि शेऱ्याच्या रकान्यात कोणी हौसेने हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह टाकले, तर १६० एमबीची. ओळी एकेक करून वाचल्या की हा प्रश्नच उरत नाही. फुगायची ती एक ओळ फुगते.

फाइल पूर्ण आली की नाही, हे पाहण्यासाठी आधी मागवलेला आकार आणि एमडी-५ उपयोगी पडतात. आकार जुळला म्हणजे तुटलेली नाही आणि चेकसम जुळला म्हणजे तीच आहे. चेकसम फक्त खऱ्या बाइटांच्या फाइलींना असतो. गूगल शीटला नसतो. क्वचित असेही घडते की, माहिती विचारणे आणि बाइट मागणे यांच्या मधल्या क्षणांत सचिव तक्ता दुरुस्त करून पुन्हा अपलोड करतात, आणि मग चेकसम जुळत नाही, पण फाइल धडधाकट असते. म्हणून न जुळल्यास आधी माहिती नव्याने विचारावी, आणि मगच ओरड करावी. ४२९ (विनंत्या फार झाल्या) किंवा पाचशेच्या घरातल्या (सर्व्हरच्या) त्रुटींसाठी ‘नेक्स्ट चंक’ला पुन्हा प्रयत्नांची संख्या देता येते, तो प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत नेतो. अनेक केंद्रांच्या फाइली समांतर थ्रेडमध्ये घ्यायच्या असतील तर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र एचटीटीपी वस्तू द्यावी, कारण ‘एचटीटीपीलिब२’ची वस्तू थ्रेडांमध्ये वाटून घेण्याजोगी नाही.

इतर सेवांविषयी थोडक्यात. ॲमेझॉनच्या एस-३ मध्ये ‘गेट ऑब्जेक्ट’ केल्यावर मिळते ती वाहती स्ट्रीम. ती एकदाच पुढे जाते, मागे वळत नाही, म्हणून झिप किंवा एक्सेलसाठी तिला बफरमध्ये ओतावेच लागते. ‘डाउनलोड फाइलऑब्ज’ हे फंक्शन सरळ बफर घेते आणि ८ एमबीच्या वरच्या फाइली आपोआप समांतर तुकड्यांत आणते. तिथल्या ई-टॅगला, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या खुणेला, एमडी-५ समजू नये. अनेक भागांत अपलोड झालेल्या फाइलचा ई-टॅग तसा नसतो. वनड्राइव्हमध्ये मजकूर मागितला की ३०२ येऊन एका अल्पजीवी पत्त्याकडे बोट दाखवले जाते, आणि त्या पत्त्यावर आपले टोकन पाठवायचे नसते. ड्रॉपबॉक्समध्ये फाइलचा मार्ग जेसन करून एका हेडरमध्ये द्यावा लागतो, आणि हेडरमध्ये देवनागरी चालत नाही. ‘संकलन’ नावाच्या फोल्डरमधले प्रत्येक अक्षर यूनिकोडच्या एस्केप रूपात लिहावे लागते. पायथनचे ‘जेसन’ मॉड्यूल मुळात तसेच लिहिते. पण मराठी वाचता यावे म्हणून ज्यांनी ‘एन्शुअर आस्की’ सगळीकडे बंद करून ठेवले आहे, त्यांनी इथे ते चालू ठेवावे.

संपूर्ण फाइल मेमरीत घ्यायलाच हवी का, या प्रश्नाला पार्केसारख्या, म्हणजे मजकूर रकान्या-रकान्याने साठवणाऱ्या, स्वरूपात अधिक गोड उत्तर मिळते. त्या फाइलच्या अगदी शेवटच्या ८ बाइटांत तळटिपेची लांबी आणि खूण असते. ती वाचली की तळटीप कुठून सुरू होते ते कळते, आणि तळटिपेत कोणता रकाना कुठे आहे ते लिहिलेले असते. आकार आधी ठाऊक असल्यामुळे रेंज हेडर लावून एवढेच तुकडे मागवता येतात, आणि काही जीबींच्या फाइलमधला फॅटचा एकच रकाना काही एमबींत मिळतो. झिपचेही तसेच, तिची अनुक्रमणिका शेवटाला असते. दूध संकलनाच्या तक्त्यांना हा डौल परवडत नाही, पण वर्षभराच्या संग्रहासाठी मी तो वापरतो.

मेमरीचा मार्ग सोडून डिस्क कधी धरायची, याची रेघ मी कंटेनरला दिलेल्या मेमरीच्या एक-दशांशावर ओढतो. ५१२ एमबीच्या कंटेनरला सुमारे ५० एमबी. हा काही शास्त्रशुद्ध आकडा नाही, ओळी एकेक करून वाचणाऱ्या लायब्ररीची भूक लक्षात घेऊन ठेवलेला अदमास आहे. त्यावरची फाइल डिस्कवर घेण्यासाठी दोन वेगळ्या वाटा लिहायची गरज नसते: पायथनच्या ‘टेम्पफाइल’ मॉड्यूलमधली ‘स्पूल्डटेम्पररीफाइल’ ठरवलेल्या आकारापर्यंत मेमरीत राहते आणि तो ओलांडला की आपण होऊन डिस्कवर जाते, बंद केली की पुसलीही जाते. ती वापरायची तर पायथन ३.११ किंवा त्यापुढचा असावा. त्याआधी तिच्यात ‘सीकेबल’सारखी काही फंक्शने नव्हती आणि झिप वाचणारा कोड तिथेच ठेचकाळत असे. फक्त ती डिस्क खरोखर डिस्क आहे ना, हे पाहून घ्यावे. ॲमेझॉनच्या लॅम्डामध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी ‘टीएमपी’ ही वेगळी जागा असते, आपण वाढवली नाही तर ५१२ एमबीची. गूगलच्या क्लाउड रनमध्ये कंटेनरने लिहिलेली तात्पुरती फाइल मेमरीतच जाते आणि त्याच मर्यादेत मोजली जाते. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या सर्व्हरवरही ‘टीएमपी’ मुळात मेमरीतच असते. अशा ठिकाणी मोठ्या फाइलसाठी वेगळा व्हॉल्यूम जोडावा आणि ‘स्पूल्डटेम्पररीफाइल’ला त्याचा मार्ग ‘डिर’ या पॅरामीटरमधून द्यावा.